उत्कृष्ट अध्यापक व्हा, शिकवणं नंतर बघू

तंत्रशिक्षण संस्थेत तुमची नव्याने नेमणूक झाली असेल तर आधी अभिनंदन, आणि लगेच एक खुलासा. अध्यापन आणि अध्यापनातील उत्कृष्टता या दोन वेगवेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. पहिली वर्गात आणि प्रयोगशाळेत पार पाडायची असते. तिला साक्षीदार फक्त विद्यार्थी, आणि त्यांची साक्ष अभिप्रायाच्या फॉर्मवरच्या पाच गोलांपैकी एक काळा करण्यापुरतीच ग्राह्य धरतात. दुसरी जबाबदारी फायलीत असते. फाईल कपाटात असते, आणि संस्थेला मानांकन देणारी समिती येईल त्या दिवशी कपाटाची किल्ली सापडावी लागते. नवा माणूस फसतो तो इथेच. पहिली जबाबदारी नीट निभावली की दुसरी आपोआप निभावेल, अशी त्याची भाबडी समजूत असते. तुम्ही उलट्या क्रमाने चाला. दुसरी निभावली की पहिलीबद्दल कुणी विचारत नाही.

सुरुवात क्रियापदांपासून करा. १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांची सहा पायऱ्यांची चढण मांडली. मंडळी मुळात परीक्षक होती. आपापसात प्रश्नांची देवाणघेवाण सोपी व्हावी, एवढाच साधा हेतू. २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि पायऱ्यांना क्रियापदांची नावं मिळाली. तेव्हापासून अभ्यासक्रम लिहिणं म्हणजे क्रियापदांच्या यादीतून निवड करणं. ‘विद्यार्थ्याला ट्रान्झिस्टर समजेल’ असं चुकूनही लिहू नका. समजणं मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते आपल्या संस्थेत घडत नाही. ‘विद्यार्थी ट्रान्झिस्टर प्रवर्धकाचे विश्लेषण करू शकेल’ असं लिहा. शिकवायचं तेच, त्याच फळ्यावर, त्याच पिवळ्या पडलेल्या वहीतून. पण तुम्ही दोन पायऱ्या वर चढलात, आणि तेही जागेवरून न उठता.

मग निष्पत्तींचा तक्ता. निष्पत्ती म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला जे करता यायला हवं ते. विषयाच्या कोणत्या निष्पत्तीचा अभ्यासक्रमाच्या कोणत्या निष्पत्तीशी किती संबंध, ते इथे अंकांत भरायचं. उभ्या रकान्यात तुमच्या विषयाच्या निष्पत्ती, आडव्या ओळीत अख्ख्या अभ्यासक्रमाच्या, आणि प्रत्येक चौकोनात ३, २ किंवा १. इथे नवखे लोक विचार करायला बसतात आणि अख्खी संध्याकाळ घालवतात. विचार नको, प्रमाण सांभाळा. सगळीकडे ३ भरलं तर समितीला संशय येतो. सगळीकडे १ भरलं तर तुमचा विषय ठेवलाच कशाला, असा प्रश्न येतो. म्हणून ३ आणि २ आलटून पालटून पेरा आणि दोन-तीन चौकोनांत आडवी रेघ मारा. ती रेघ म्हणजे तुमचा प्रामाणिकपणा. इंजिनिअरिंग ड्रॉईंग आणि व्यावसायिक नैतिकता यांचा संबंध काय, असा पेच पडला तर १ लिहून पुढे सरका. आजवर कुठल्या समितीने पेन्सिलीच्या टोकाला लागून नैतिकता मागितली आहे?

एक बाब खरी आहे, ती सांगून टाकतो. मूळ कल्पनेत खोट नव्हती. १९८९ चा वॉशिंग्टन करार अभियंत्यांसाठी झाला, २००२ चा डब्लिन करार तंत्रज्ञांसाठी. देशांनी एकमेकांच्या मानांकनाला मान्यता द्यायची, आणि पुढे त्याच वाटेने ‘शिक्षकाने काय शिकवलं ते राहू दे, मुलाला काय करता येतं ते दाखवा’ हा आग्रह आला. शहाणपणाचाच आग्रह. फक्त तो तक्त्यात उतरेपर्यंत ‘करता येतं’ मधलं ‘येतं’ गळालं आणि ‘दाखवा’ तेवढं उरलं.

आता विद्यार्थ्यांचा अभिप्राय. सत्राच्या शेवटी येतो, पण तयारी पहिल्या दिवसापासून करावी लागते. इथे तुमचे गुरू कोण असावेत, याचा निर्णय १९७० सालीच लागला आहे. अमेरिकेत तीन संशोधकांनी एका नटाला ‘डॉ. फॉक्स’ नावाचा विद्वान म्हणून व्यासपीठावर उभं केलं. विषय, वैद्यकीय शिक्षणात गणिती गेम थिअरीचा वापर. नटाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भाषणात मुद्दाम एकमेकांना छेद देणारी विधानं, मनाने रचलेले शब्द आणि विषयाशी संबंध नसलेले विनोद भरले होते. समोर बसलेले मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ होते, म्हणजे विद्यार्थी नव्हेत, शिकलेसवरलेले लोक. अभिप्राय एकदम झकास. व्याख्यान विचारप्रवर्तक वाटलं म्हणे. एका श्रोत्याने तर डॉ. फॉक्स यांचं लिखाण आपण आधी वाचल्याचंही नोंदवलं. आणि तुम्ही अजून आदल्या रात्री टिपणं काढत बसता!

नाट्य जमत नसेल तर दुसरा मार्ग आहे. २०१८ मध्ये जर्मनीत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या काही गटांना तासाच्या वेळी अर्धा किलो चॉकलेट कुकीज दिल्या, काहींना दिल्या नाहीत. तास तोच, शिकवणारे तेच. कुकीज मिळालेल्यांना शिक्षक जास्त चांगले वाटले, आणि यातली मौज म्हणजे अभ्यासाचं साहित्यही जास्त चांगलं वाटलं. तेव्हा नव्या नोट्स लिहिण्याआधी हिशेब करा. कुकीज स्वस्त पडतात.

पण खरा खजिना पुढेच आहे. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या दोघांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतली माहिती तपासली. ती जागा अशा तपासणीसाठी फार सोयीची. कोणता विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाच्या वाट्याला जाणार हे तिथे नशिबावर ठरतं आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. दिसलं ते असं. ज्यांच्या हाताखाली चालू विषयात मार्क वाढले त्यांना अभिप्रायही चांगला मिळाला, पण त्यांचेच विद्यार्थी पुढच्या, त्यावर उभ्या असलेल्या विषयांत मागे पडले. ज्यांच्याकडे या सत्रात मार्क कमी पडले आणि तोंडं वाकडी झाली, त्यांची मुलं पुढे सरस ठरली. पोक्त शिक्षक हे वाचून हळहळतात. तुम्ही हळहळू नका, वेळापत्रक बघा. पुढच्या सत्रातला विषय कोण शिकवतं? शेजारच्या टेबलावरचे सहकारी. म्हणजे तुमच्या उत्कृष्टतेचा परिणाम त्यांच्या निकालात दिसणार आणि विभागप्रमुख खुलासा मागणार तो त्यांच्याकडे. तेव्हा तुम्ही त्यांना आपुलकीने विचारू शकता, ‘काय हो, माझ्याकडे तर ही मुलं चांगली होती?’

प्रयोगशाळेत मात्र जपून. तिथे चुकून शिकवलं जाण्याचा धोका सर्वांत जास्त. ऑसिलोस्कोपचा, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचा, साधा प्रयोग घ्या. गटाने सिग्नल जनरेटरवर पाच व्होल्ट लावले आहेत आणि पडद्यावर दिसतोय अर्धा व्होल्ट. प्रोबच्या, म्हणजे स्कोपला जोडलेल्या मोजणीच्या काडीच्या, दांड्यावरचं बारीक बटण ×१० वर आहे, म्हणजे प्रोब व्होल्ट दहापट कमी करून पाठवतोय, स्कोपच्या मेनूत मात्र ×१. तुम्हाला हे दारातूनच कळलेलं असतं. आता तुमच्या मनात शिकवण्याचा मोह झालाच, तर तुम्ही हात मागे बांधून उभे राहाल. मग ते जनरेटर बदलतील, केबल बदलतील, शेजारच्या गटाचा स्कोप मागून बघतील, एकमेकांवर चिडतील. चाळीस मिनिटांनी एखादी मुलगी प्रोब डोळ्यांजवळ धरून फिरवेल, तिची नजर त्या बटणावर अडेल, ती नखाने ते सरकवेल आणि पडद्यावरची लाट एकदम काचेबाहेर जाईल. ‘अगं, दहापट!’ तिला ही गोष्ट आता आयुष्यभर कुणी सांगावी लागणार नाही. पण तुमच्या पदरात काय पडलं? तास संपला. तक्त्यात दहापैकी एकच वाचन आहे. प्रयोग अपूर्ण. आणि उरलेल्या चौघांनी अभिप्रायात लिहिलं, ‘सर मदत करत नाहीत.’

याला संशोधनाचाही दुजोरा आहे, दुर्दैवाने. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः झगडून सोडवायला लावलेल्या मुलांना चाचणीत जास्त मार्क पडले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. गुळगुळीत व्याख्यान ऐकलेल्यांना नेमकं उलट वाटलं. अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘वाटलं’ चाच रकाना असतो.

म्हणून उत्कृष्ट अध्यापक जाता जाता अंगठ्याने बटण सरकवतो, ‘हां, घ्या आता रीडिंग’ म्हणतो आणि सही करायला पुढच्या टेबलाकडे वळतो. जर्नलं वेळेत पूर्ण. वाचनं गेल्या वर्षीच्या जर्नलशी दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांपर्यंत जुळतात. कुणी नाक मुरडलं तर सांगा, प्रयोगाचा निकाल पुन्हा तसाच येणं हा विज्ञानाचा पायाच आहे.

प्रयोगशाळा सहायकापासूनही चार हात लांब राहा. हा माणूस सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक प्रोब स्कोपच्या कॅलिब्रेशनच्या खुंटीला लावतो, चौकोनी लाटेचे गोलावलेले कोपरे प्लास्टिकच्या इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने सरळ करतो आणि बिघडलेल्या प्रोबला लाल चिकटपट्टी लावून बाजूला ठेवतो. मुलं अडली की तुमच्याकडे येत नाहीत, त्याच्याकडे जातात. वर्कशॉपमधल्या इन्स्ट्रक्टरचंही तेच. लेथवर काम पकडून ठेवणाऱ्या चकची किल्ली चकमध्ये तशीच ठेवून कुणी हात सोडला, की ते लेथचा मेन स्विच पाडतात आणि त्या मुलाला पूर्ण तास बाजूला उभं करतात. कडक माणूस, शब्दही जरा रांगडे. अशांचा तुमच्या फायलीला काही उपयोग नाही. न झालेल्या अपघाताचा फोटो काढता येत नाही.

फोटो मात्र महत्त्वाचा. कार्यक्रम झाला याला पुरावा फोटो, आणि फोटोत बॅनर दिसला पाहिजे. वक्ता अर्धा कापला गेला तरी चालेल. श्रोते कमी पडले तर शेजारच्या वर्गाचा तास सोडून मुलं बसवा. त्या शिक्षकाचा तास बुडाला, पण तुमचा ‘उपक्रम’ झाला. पुढच्या आठवड्यात तो तुमची मुलं उचलेल. स्टाफरूममधला सलोखा याच देवाणघेवाणीवर टिकून आहे. बाकी तिथे फार बसू नका. तिथल्या एका खुर्चीत कायम तक्रार करणारे असतात, एका खुर्चीत कायम अर्ज भरणारे, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर तपासणाऱ्या एक मॅडम, ज्यांना कुठल्याच समितीत घेत नाहीत कारण त्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारतात. त्यांचा विद्यार्थी होता आलं तर बघा. मैत्री करू नका, नाव खराब होतं.

प्रशिक्षण चुकवू नका. तिथे पहिल्याच दिवशी एक त्रिकोण दाखवतील. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, स्वतः केलेलं ९० टक्के. एडगर डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू मांडला, तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे पुढे भलत्यांनीच चिकटवले. हे तिथे बोलून दाखवू नका, चहाच्या सुट्टीत सगळे तुमच्यापासून लांब उभे राहतील. दुसऱ्या दिवशी २०१४ चा २२५ अभ्यासांचा आढावा येतो. नुसत्या व्याख्यानाने ३४ टक्के मुलं नापास, मुलांना वर्गात कामाला लावलं तर २२ टक्के. हा आढावा मात्र खरा आहे आणि आकडेही खरे. फक्त तो तुम्हाला सलग तीन तास, दिवे मालवून, एका जागी बसवून व्याख्यानातून ऐकवला जातो. शेवटी फॉर्म येईल, ‘अत्युत्तम’ वर खूण करा. प्रशिक्षण देणारा तो माणूसही कुठेतरी अर्ज भरत असणार.

एवढं सगळं साधलं, तर तीन-चार वर्षांत उत्कृष्ट अध्यापक पुरस्कारासाठी अर्ज करा असा निरोप येईल. निरोप ‘तातडीचे’ या शीर्षकाने येईल आणि मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत असेल. घाबरू नका, सगळं फायलीत आहे. तक्ते आहेत, बॅनरसह फोटो आहेत, अभिप्रायाची सरासरी आहे, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं आहेत. प्रत्येक पानावर सही, प्रत्येक जोडपत्राला क्रमांक. प्रयोगशाळा सहायकाचं नाव सुचवावं असं क्षणभर वाटलं तर अर्जाचं पहिलं पान बघा, तो पात्र प्रवर्गात बसत नाही. फक्त शेवटच्या पानावर, जुन्या नमुन्यातून चुकून राहून गेलेला एक रकाना सापडेल, ‘आपल्या अध्यापनामुळे विद्यार्थ्याला जे येऊ लागले त्याचे एक उदाहरण द्या.’ तिथे ‘लागू नाही’ लिहा. कोरा ठेवू नका, अपूर्ण अर्ज परत येतो.