सिक्वेन्स लागलेली गोधडी

भाचीला बाळ होणार म्हणून मी गोधडी शिवणार, असं डोहाळजेवणात सगळ्यांसमोर बोलून बसले. साधे चौकोन जोडले असते तर चार दिवसांत मोकळी झाले असते, पण नाही, मला यूट्यूबवर ती एकावर एक रचा, कापा, पिसा आणि जोडा वाली पद्धत दिसली. व्हिडिओतली बाई हसत हसत शिवत होती, मी तीन रविवार झाले हसलेली नाहीये.

सहा कापडांचे बारा-बारा इंचांचे चौकोन करायचे आणि इस्त्री करून एकावर एक रचायचे. मग वरून खाली तीन वाकडेतिकडे काप मारले की पट्ट्यांच्या चार गड्ड्या होतात. पहिल्या गड्डीला हात लावायचा नाही, दुसरीतली वरची एक पट्टी तळाशी सरकवायची, तिसरीतल्या दोन, चौथीतल्या तीन. म्हणजे वरून चार पट्ट्या उचलल्या की चारही वेगळ्या कापडाच्या. दिसायला सगळा विस्कळीत कारभार, पण आतून रेशनची रांग, कुणी नंबर सोडून पुढे घुसलं की संपलं.

कापायला रोटरी कटर घेतलं, ते पिझ्झा कापायच्या चाकासारखं असतं. ओल्फा नावाच्या जपानी कंपनीने ते १९७९ मध्ये काढलं म्हणे, त्याच्या आधी हे सगळं कात्रीने चालायचं (आईच्या मते अजूनही चालायला हरकत नाही). पाच थर सुरेख कापले गेले पण सहावा, म्हणजे आईची जुनी नारायणपेठ, मधूनच सरकली. आई म्हणाली, "माझी साडी आहे ती, दबावाखाली राहायची नाही."

तर मे महिना, पुण्यातली दुपार, पट्ट्या उडतील म्हणून पंखा बंद, मी घामाने चिंब. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून गॅस बंद करायला आत गेले तेवढ्यात नवरा बाहेरून आला, "काय उकडतंय गं!" म्हणत पंखा थेट पाचवर. चोवीस पट्ट्या. सोफ्याखाली, देव्हाऱ्यासमोर, एक तर बुटांच्या स्टँडवर.

मी बाहेर येईपर्यंत त्याने सगळं गोळा केलेलं. "टेन्शन घेऊ नकोस, होतं त्यापेक्षा नीट लावून ठेवलंय." हा माणूस पंधरा वर्षं डेक्कन क्वीनने अप-डाउन करत रमी खेळलेला आहे हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं, पण भूक लागली होती आणि चारही गड्ड्या दिसत होत्या म्हणून मी जेवले आणि मशीनवर बसले.

आता शिलाईचं गणित. प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच दाब जातो, म्हणजे अर्धा इंच गेला. तीन जोड म्हणजे दीड इंच, बाराचे साडेदहा. वाकड्या कडा छाटून दहा. परत चौकोन एकमेकांना जोडताना अर्धा इंच. माझ्या डोक्यात बारा चौकोनांची ३६ बाय ४८ ची गोधडी होती, हिशोबाने आली साडेअठ्ठावीस बाय अडतीस. आईला सांगितलं तर म्हणे, "बाळ काय सहा फुटाचं होणारे का?" ती स्वतः कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायची, आत जुनी धोतरं, टेप घरात नव्हताच, जेवढी होईल तेवढी गोधडी.

पहिला चौकोन शिवून झाला. निळे कुर्ते दोन होते, एक बारीक बुट्टीचा, एक मोठ्या, त्यामुळे शिवताना मला वाटलं निळ्याशेजारी निळं आलंय, येतं कधीकधी. इस्त्री फिरवली आणि सुलटा केला. चारही पट्ट्या एकाच कुर्त्याच्या, त्याही होत्या तशाच ओळीने. बुट्टीला बुट्टी जवळजवळ जुळलेली.

"तूच म्हणालीस ना पिसायचंय," नवरा म्हणाला, "पिसून झाल्यावर सिक्वेन्स लावायलाच लागतो."

आईने तो चौकोन चष्मा वर करून उलटसुलट पाहिला. "हे आधी असंच अख्खं होतं ना?"

"हो."

"मग कापलंस कशाला?"

उसवायला बसलेय. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलीये.