यादीत ४१२ गाणी होती, आज ४०९ आहेत

तीन गेली. कुठली गेली ते सांगायची गाण्यांच्या ॲपला गरज वाटलेली नाही. काल यादीच्या डोक्यावर ४१२ होतं, आज सकाळी ४०९. ना सूचना, ना ईमेल, ना साधी लाल टिकली.

पूर्वी निदान गाणं करडं पडायचं. बोट टेकवलं तर वाजायचं नाही, पण घर सोडून गेलेल्याच्या नावाची पाटी तरी दारावर राहायची. आता पाटीही उतरवली. सेटिंग्जमध्ये, क्रॉसफेडच्या खाली, आवाज समान ठेवण्याच्याही खाली, 'न वाजणारी गाणी दाखवा' असं एक बटण असतं आणि ते मुळातच बंद असतं. म्हणजे कुणीतरी बैठकीत बसून हे ठरवलंय. करडा रंग बघून ग्राहकाला वाईट वाटतं ना, मग रंगच नको! घंटा फार कर्कश वाजते म्हणून आगीच्या अलार्मची वायर कापणारी डोकी ही.

बटण चालू केलं. दोन करडी वर आली. तिसरं तिथेही नाही. ४११. पाचशेच्या आतल्या बेरजेत एक गाणं कमी आणि ते कुठलं हे जगात कुणालाच ठाऊक नाही, कारण सर्व्हरवरून त्याची नोंदच उपटलेली आहे. मदतीच्या चॅटमध्ये विचारलं तर उत्तर काय, 'ॲप काढून परत टाकून बघा.' का बाबा? गाणं फोनच्या कॅशेत लपून बसलंय का? वरून सल्ला, 'तुम्हाला आवडतील अशी आणखी गाणी पाहा.' आणखी नकोत रे. होतं तेच द्या!

आणि कारण काय, तर 'हक्क'. हक्क संपतात, देशागणिक वेगळे विकले जातात, सगळं मान्य. पण अर्ध्या वेळा हक्काबिक्काचा संबंधच नसतो. लेबलने, म्हणजे गाणं काढणाऱ्या कंपनीने, ॲपवर गाणी चढवणारा वितरक बदललेला असतो, बस्स. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा कोड असतो. पहिली दोन अक्षरं देशाची म्हणून सुरू झालेली, पुढची तीन नोंदणीदाराची, मग वर्षाचे दोन आकडे, मग पाच आकडी क्रमांक. नियम स्पष्ट आहे, मालक बदलला तरी कोड तोच राहतो. पण नवा वितरक जुना कोड शोधायचा कंटाळा करतो, नवाच ठोकून तेच गाणं परत चढवतो, आणि तुमच्या यादीतला दुवा लटकतो. गाणं तिथेच आहे. तोच आवाज, तेच मुखपृष्ठ, फक्त तुमच्यासाठी मेलेलं. आणि एखाद्या दिवशी ॲप हुशारी करतं आणि त्या जागी गुपचूप रीमास्टर बसवतं. चार मिनिटं अठराचं गाणं चार मिनिटं अकराचं होतं, शेवटचा फेड लवकर आवरलेला, ड्रमचा प्रत्येक ठोका छताला टेकवून सपाट केलेला. म्हणे 'सुधारित आवृत्ती'. लाउडनेसची, म्हणजे गाणं दाबून जास्तीत जास्त मोठं करायची, शर्यत कधीच संपायला हवी होती. ॲप सगळ्यांचा आवाज एका पातळीला आणूनच वाजवतं, मग दाबून काय मिळवलंत? मोठा आवाज तर मिळाला नाहीच, चढ-उतार मात्र गेले.

म्हणून सांगतो, यादी दर महिन्याच्या एक तारखेला सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत, उतरवून ठेवा. नाव, कलाकार, अल्बम, सेकंदांत लांबी आणि आयएसआरसी, हे पाच रकाने हवेतच. नुसत्या नावावर विसंबलात तर लाइव्ह, रीमास्टर आणि मूळ यांची खिचडी होते. मागच्या महिन्याची आणि या महिन्याची फाइल, दोन्ही कोडावर सॉर्ट करून डिफ, म्हणजे दोन फाइलींतला फरक दाखवणारा प्रोग्राम, चालवा. कोड गेला पण नाव आणि लांबी जुळतंय, तर नवा दुवा शोधून जोडा. नाव जुळतंय पण लांबीत दोन सेकंदांहून जास्त फरक, तर तुमच्या गळ्यात दुसरीच आवृत्ती बांधलीय. हे काम आपण करायचं. दर महिन्याला पैसे भरून.

'डाउनलोड' या शब्दाचीही यांनी अशीच वाट लावली. बाण हिरवा झाला म्हणून फाइल तुमची होत नाही. महिनाभर नेट लावलं नाही की कुलूप पडतं. आणि कुलपांचा इतिहास तरी अभिमानाचा आहे का? २००२ मध्ये सीडीच्या कडेला जे कॉपी-संरक्षण घातलं होतं ते काळ्या मार्करच्या एका रेघेने हरलं. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या सीडींनी लोकांच्या कॉम्प्युटरात रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवून बसणारा प्रोग्राम, घातलं. त्यांच्या ठरावीक खुणेने सुरू होणारी कुठलीही फाइल विंडोजला दिसेनाशी व्हायची, मग तिच्या आडोशाला व्हायरसही येऊन बसले. आणि हा प्रसाद कुणाला? ज्यांनी दुकानात जाऊन सीडी विकत घेतली त्यांना! चोरून एमपीथ्री उतरवणारा मजेत.

हक्काचे दावे आपोआप ठोकणारे बॉट हा आणखी वेगळा विषय. २०१८ मध्ये जेम्स ऱ्होड्स या पियानोवादकाने स्वतः वाजवलेला बाख फेसबुकवर टाकला, तर त्यातली ४७ सेकंदं सोनीच्या मालकीची आहेत असा दावा लागला. बाख १७५० मध्ये वारला. चाहत्याने कष्टाने जोडलेला व्हिडिओ तर सोडूनच द्या. अमेरिकेच्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, काढून टाकलेल्या व्हिडिओसाठी प्रतिनोटीस दिली की १० ते १४ कामाचे दिवस थांबायचं. ज्या मैफलीची चर्चा दोन दिवस टिकते तिचा व्हिडिओ तीन आठवड्यांनी परत आला काय नि न आला काय.

आणि 'या वयात कसलं फॅनगिरी करता?' म्हणणाऱ्यांनो, तुम्ही क्रिकेटच्या मॅचला तोंड रंगवून जाता तेव्हा आम्ही काही बोलतो का?

तर, सीडी. हसा खुशाल. पण ती कुणी रात्रीतून करडी करत नाही. ती रिप करायला, म्हणजे फाइलींत उतरवायला, विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम, मोड सिक्युअर, ड्राइव्हचा रीड ऑफसेट आधी भरलेला, शेवटी ॲक्युरेटरिप या इतरांच्या रिपच्या नोंदवहीशी ताळा. चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळला की फ्लॅक या काहीही न गाळणाऱ्या फॉरमॅटमध्ये करा. पाऊण तासाचा अल्बम कच्चा पावणेपाचशे एमबी भरतो, फ्लॅकमध्ये साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत बसतो आणि एक बिटही हरवत नाही. फ्लॅकवरून एमपीथ्री हवी तेव्हा करा, एमपीथ्रीवरून फ्लॅक मात्र करू नका. कुजलेली भाजी काचेच्या बरणीत भरल्यासारखं आहे ते. टॅग, म्हणजे फाइलीतली नाव-कलाकाराची माहिती, पिकार्ड या प्रोग्रामने लावा, पण त्याने सुचवलेलं रिलीज डोळे झाकून स्वीकारू नका, ट्रॅकची संख्या आणि लांबी बघा. लाइव्ह अल्बम एमपीथ्रीत करणार असाल तर लेम या एन्कोडरने, म्हणजे एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रामने, करा. एमपीथ्रीची फ्रेम, म्हणजे एकेक तुकडा, ११५२ सॅम्पलची, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांची. एन्कोडर मागेपुढे शांतता भरतो आणि किती भरली ते लेम हेडरमध्ये लिहून ठेवतो. ते न वाचणारा प्लेअर दोन गाण्यांच्या मधोमध टाळ्यांचा गळा दाबतो. टक्. दर गाण्याला, टक्. असा प्लेअर त्याच क्षणी काढून टाकावा.

बरं. एवढा थयथयाट करून मागच्या महिन्याची फाइल उघडली, डिफ चालवला. रात्रीचा दीड. तिसरं गाणं सापडलं. ज्याच्या पहिल्या चार सेकंदांतच हात आपोआप 'पुढे'वर जायचा, ते. एकदाही पुरतं न ऐकलेलं.

तरी शोधलं. दुसऱ्या वितरकाकडून, नव्या कोडाने, परत चढवलेलं आहे. लांबीत एका सेकंदाचाही फरक नाही. जोडलं. वाजणारी ४१०.