प्रशिक्षण तळाशेजारचे भाड्याचे घर

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हापासून चार वर्षांची मुदत, जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच मिळणारी कायम नेमणूक आणि उरलेल्यांना निवृत्तिवेतन नसणे, या तीन मुद्द्यांवर महाराष्ट्रात पुष्कळ बोलले गेले. अग्निवीर अविवाहित असावा आणि त्या चार वर्षांत त्याने लग्न करू नये, या अटीकडे मात्र त्या मानाने फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. साताऱ्याकडच्या नातेवाइकांशी फोनवर हा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, एवढ्या लहान वयात लग्नाची घाई कशाला, आधी पोराला पायावर उभे राहू द्या. दुसरा म्हणतो, चार वर्षांनी घरी परतणाऱ्याला मुलगी कोण देणार. दोन्ही सुरांत काळजी आहे ती पोराची. ज्या मुलीशी त्याचे लग्न व्हायचे ती कुठे राहील, काय काम करील आणि कोणाच्या पैशावर जगेल, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. मी अमेरिकेत, टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात राहते, आणि इथे हाच प्रश्न मला आमच्या इमारतीच्या जिन्यात भेटतो.

सॅन अँटोनियो हे सैनिकी प्रशिक्षणाचे शहर आहे. लॅकलँड तळावर हवाई दलाच्या नव्या भरतीचे मूलभूत प्रशिक्षण होते, तर फोर्ट सॅम ह्यूस्टन येथे तिन्ही दलांच्या वैद्यकीय साहाय्यकांना शिकवले जाते. इथे शिपाई म्हणून भरती होताना लग्नाची आडकाठी नाही, ग्रीन कार्डधारकालाही भरती होता येते, त्यामुळे विशीतली विवाहित मुले इथे मोठ्या संख्येने दिसतात. लष्कराच्या दहा आठवड्यांच्या मूलभूत प्रशिक्षणात पत्नीने जवळ राहण्याचा प्रश्नच येत नाही. खरा गुंता पुढच्या, म्हणजे ज्याच्या त्याच्या कामाच्या प्रशिक्षणात सुरू होतो. एकाच ठिकाणचा अभ्यासक्रम २० आठवडे किंवा त्याहून अधिक असेल तर ती बदली मानली जाते आणि कुटुंब हलवण्याचा खर्च सरकार उचलते. त्याहून कमी असेल तर ती तात्पुरती रवानगी ठरते आणि कुटुंबाला नेण्याचा खर्च मिळत नाही. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे लष्कराची भाषाशाळा आहे, तिथले अभ्यासक्रम ३६ ते ६४ आठवड्यांचे असल्यामुळे तिथे जाणाऱ्याला घर थाटता येते. आघाडीवर जखमींना सांभाळणाऱ्या वैद्यकीय शिपायाचे इथले प्रशिक्षण मात्र साधारण १६ आठवड्यांचे. त्याची पत्नी सरकारच्या हिशेबात तिच्या मूळ गावीच असते, प्रत्यक्षात ती गाडीच्या मागच्या सीटवर गादी कोंबून इथे आलेली असते.

अशी एक मुलगी आमच्या खालच्या मजल्यावर काही महिने राहिली. मांडीवर लहान मूल, दिवाणखान्यात न उघडलेली खोकी, आणि रविवारच्या सुटीवर लागलेले डोळे. नवरा तळाच्या बराकीत राहत होता. बाहेर राहण्याची मुभा त्याला नव्हती आणि सुटीसुद्धा प्रशिक्षणाचा टप्पा आणि वर्तणूक पाहूनच मिळत असे. तो यायचा तो गणवेशात, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेआधी त्याला परत पोहोचवण्याची घाई तिलाच असे. एका रविवारी त्याच्या तुकडीत कोणाची तरी काही चूक झाली, सगळ्यांची सुटी रद्द झाली, आणि तिला ते कळले तेव्हा ती मुलाला नवे कपडे घालून गाडीत बसलेली होती. कामाचेही तसेच. दुकानात, दवाखान्याच्या स्वागतकक्षात, जिथे जाईल तिथे पहिला प्रश्न एकच: किती दिवस राहणार? खरे सांगितले की नोकरी नाही, आणि खोटे बोलायचे तर तिचा पत्ता पाहूनच समोरच्याला अंदाज आलेला असतो. भाडेकराराचेही तसेच: बदलीचा लेखी हुकूम दाखवला की सैनिकाला करार मोडता येतो, असा २००३ चा केंद्रीय कायदा आहे, पण तो हुकूम हाती पडेपर्यंत पुढे कुठे जायचे आहे हेच तिला ठाऊक नव्हते, मग घरमालकाला आगाऊ काय कळवणार?

मला या व्यवस्थेतली एक गोष्ट मनापासून पटते, आणि ती आपल्याकडच्या चर्चेत कधी ऐकू येत नाही. विवाहित प्रशिक्षणार्थी स्वतः बराकीत झोपत असला तरी त्याला घरभाडे भत्ता मिळतो, आणि तो कुटुंब जिथे राहते तिथल्या भाड्याच्या पातळीवरून ठरतो. पत्नीने नवऱ्यामागे न जाता आपल्या गावी, आपल्या नोकरीत राहायचे ठरवले तरी तिचे घर चालते. शिवाय तिचे नाव लष्कराच्या नोंदीत गेल्यापासून वैद्यकीय विमाही लागू होतो. मग या मुली येतात तरी का? माझ्या मते त्याचे कारण पैशापेक्षा वयात आणि एकटेपणात आहे. एकविसाव्या वर्षी, लग्नाला वर्षही झालेले नसताना, आठवड्यातून काही तास का होईना तो भेटेल ही आशा कोणत्याही हिशेबावर मात करते. (सासरी राहणे इथल्या सुनांनाही जड जाते, हे आपल्याकडे फारसे कोणाला सांगून पटत नाही.)

विवाहित भरतीचे हे दुखणे अमेरिकेलाही कळले नव्हते असे नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये मरीन कोअर या तिथल्या सैन्यदलाचे प्रमुख जनरल कार्ल मंडी यांनी विवाहितांची भरती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला होता. पहिल्याच कराराच्या काळात संसार मोडतात, त्याचा ताण शिपायावर आणि पलटणीवर पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. गदारोळ झाला, संरक्षणमंत्री लेस ॲस्पिन यांनी हस्तक्षेप केला आणि आदेश लगेच मागे घेतला गेला. मंडी यांचे निदान चुकीचे होते असे मला वाटत नाही. चुकला तो उपाय, कारण पत्नीच नसली की पत्नीच्या अडचणीही नसतात, एवढाच त्याचा अर्थ होता. अग्निवीरांच्या अटीमागे नेमका तोच विचार आहे, फरक इतकाच की आपल्याकडे तो टिकला.

आणि तो टिकतो याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. लष्करी परिचारिका सेवेतील सेलिना जॉन यांना लग्न केले म्हणून १९८८ मध्ये सेवेतून काढले गेले; ज्या सूचनेच्या आधारे हे झाले ती १९९५ मध्ये रद्द झाली, पण त्यांना न्याय मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. अधिकारी होण्यासाठी आलेल्या छात्रानेही प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करायचे नाही, असा नियम आहेच. मला त्या नियमाबद्दल तक्रार नाही. ठरावीक काळाचे कडक प्रशिक्षण आणि त्याच्या शेवटी मिळणारी पक्की नोकरी, असा तो सौदा आहे. अग्निवीराच्या बाबतीत प्रशिक्षण सुमारे सात महिन्यांत संपते आणि उरलेली तीन-साडेतीन वर्षे तो सरळ सेवा करीत असतो. त्या काळासाठी लग्नबंदीचे समर्थन प्रशिक्षणाच्या नावाखाली करता येत नाही. ते पैशाच्या नावाखाली करता येते, कारण पहिल्या वर्षी दरमहा हाती येणाऱ्या २१ हजार रुपयांत दुसरे बिऱ्हाड उभे राहत नाही आणि विवाहितांसाठी घरे बांधण्याची जबाबदारीही टळते. निदान हे तरी उघडपणे सांगावे.

शिवाय प्रश्न टळत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. लष्करातील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. त्यांतले जे कायम होतील ते लगेच बोहल्यावर चढतील आणि मग कोर्सच्या निमित्ताने कोणी देवळालीला, कोणी अहिल्यानगरला, कोणी बेळगावला जाईल. तेव्हा त्यांच्या बायका कुठे राहतील? सासरी, असे उत्तर आपण गृहीत धरतो. जुलै २०२३ मध्ये सियाचीनमध्ये मृत्यू पावलेल्या एका अधिकाऱ्याच्या आईवडिलांनी जुलै २०२४ मध्ये ‘निकटतम नातलग’ ठरवण्याचा नियम बदलण्याची मागणी केली, त्यावरचा वाद आठवावा. सून घर सोडून गेली, हा त्यातला सगळ्यात मोठा आरोप होता. त्या आईवडिलांचे दुःख खरे होते, त्यांच्या भरणपोषणाची वेगळी तरतूद हवी हेही मला मान्य आहे. पण नवऱ्याच्या माघारी तिने कुठे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार तिला आहे, हे चर्चेतले एक वाक्य म्हणूनही क्वचितच ऐकू आले.

कामाच्या बाबतीत अमेरिकेचे अनुकरण जपूनच करावे. इथल्या संरक्षण खात्याच्या २०२१ च्या पाहणीत नोकरी शोधूनही न मिळालेल्या सैनिकपत्नींचे आणि सैनिकपतींचे प्रमाण २१ टक्के होते, आणि एका राज्यातला व्यावसायिक परवाना नव्या ठिकाणी चालावा असा केंद्रीय कायदा व्हायला जानेवारी २०२३ यावे लागले. आपल्याकडे तर तेवढेही नाही. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या परिचारिकेला बेळगावात काम करायचे तर कर्नाटकच्या परिषदेकडे कागदपत्रे घेऊन जावे लागते, आणि आशा सेविकेचे काम तर तिच्या गावाशीच बांधलेले असते.

म्हणून लग्नाची अट काढावी असे मी म्हणते तेव्हा त्याबरोबर दोन गोष्टी मागते. प्रशिक्षणाच्या काळात पत्नी जिथे राहते तिथल्या भाड्यानुसार भत्ता मिळावा, आणि प्रत्येक कोर्सची जागा, मुदत आणि त्यानंतरचे ठिकाण तिला लेखी व वेळेवर कळवले जावे. नात्यातल्या एका मुलीचे एका फौजी मुलाशी लग्न ठरते आहे. तिने विचारलेच तर मी सांगेन की चार महिन्यांच्या कोर्ससाठी नोकरी सोडून त्याच्यामागे जाऊ नकोस. वर्षभराचा असेल तर जरूर जा, पण आधी रजा मंजूर करून घे, भाडेकरार दोघांच्या नावे कर आणि त्यात मुदतीआधी घर सोडण्याची अट लिहून घे.