घरगुती शिवणक्लास

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांच्या हातातला मोबाईल काढायचा तर त्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं, म्हणून मी आमच्या आठ वर्षांच्या कन्येच्या हातात सुई दिली. माझा सिलॅबस तयार होता, आधी रुमालावर धावदोरा, मग उलटी टीप, मग हातशिलाई, मग बटण, आणि एवढं सगळं पार पडलं तर मशीन. तिचा सिलॅबस एका ओळीचा: बाहुलीचा घागरा, आजच. "यूट्यूबवरची ताई पाच मिनिटांत शिवते." त्या ताईला सुई ओवताना कोणी बघितलंय का? तेवढं कट करतात, आणि आमची सकाळ तिथेच संपते.

दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं करायचं म्हटलं तर बाईंनी अर्धा दोरा चघळला. हातभर दोरा घे म्हटलं तर हॉलपासून किचनपर्यंत घेतला, का तर सारखं सारखं ओवायला नको. लॉजिकमध्ये खोट काढता येईना, पण लांब दोरा प्रत्येक टाक्याला पीळ खातो आणि मग गाठीवर गाठ. सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या, "दोरा लांब घेतला की सासर लांब मिळतं हो." कन्या म्हणे, "अमेरिका चालेल."

धावदोरा म्हणजे खडूच्या रेघेवरून सुई वर-खाली, बास. हिचे टाके एसटीसारखे, कुठे दर फर्लांगाला थांबा तर कुठे थेट नॉनस्टॉप, आणि रेघ एकीकडे गाडी भलतीकडे. शेवटी कौतुकाने रुमाल दाखवायला उठली तर फ्रॉकही सोबत उठला, दोन्ही एकत्रच शिवलेले. उसव म्हटलं. ते मात्र तिने इतकं भराभर आणि मन लावून केलं की सासूबाई म्हणाल्या, "हे हिला उपजतच येतंय."

मग हट्टाने पायमशीन. पाय जेमतेम पायडलला टेकतात, चाक पुढे फिरवायचं ते मागे फिरतं, दोरा तुटतो, कापडाखाली ही एवढी जटा. गुंता खाली दिसला की सगळे खालच्या दोऱ्याच्या बॉबिनच्या नावाने खडे फोडतात, पण बहुतेक वेळा वरचाच दोरा त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, नाहीतर कापड दाबणारा फूट खाली करायचा राहिलेला असतो. हे मी तिला समजावत असताना ती टाचण्या रंगांप्रमाणे लावत बसली होती.

तिथून पुढे कामाची वाटणी कशी झाली कळलंच नाही. मी मशीनवर, ती गळ्यात टेप अडकवून शेजारी उभी. "इथे चुणी कमी पडलीये." "लेस सरळ लाव ना आई." घागरा झाला एकदाचा, अस्तरासकट! माझ्या जुन्या ब्लाऊजपीसचा. बाहुलीला बरा दिसतो, मान्य आहे.

काल दार वाजलं. बिल्डिंगमधली तिची मैत्रीण, हातात बाहुली. हिने परस्पर ऑर्डर घेतल्या होत्या, त्याही रविवारच्या वायद्याने, आणि ॲडव्हान्स म्हणून चॉकलेट केव्हाच पोटात. आत कापड अजून बेतलेलंसुद्धा नव्हतं. मी पुढे होणार तेवढ्यात बाईसाहेब गळ्यातला टेप सावरत दारात गेल्या आणि एकदम शांतपणे म्हणाल्या, "झालंच आहे गं, फक्त काज-बटण राहिलंय. उद्या ये."