एका शाफ्टवर पाच फणे

गेल्या आठवड्यात आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गणपती मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरानंतरही वाद रंगला होता. इथे नेदरलँड्सच्या आइंडहोव्हनमध्ये तेव्हा साडेसात वाजले होते, भाजी चिरता चिरता मी वाचत होते. यंदा देखावा करायचा की नाही, हा विषय. तीन-चार जुनी माणसं देखाव्याच्या बाजूची. पोरांचं म्हणणं, देखाव्याचा खर्च काढून टाकायचा आणि ते पैसे आगमन मिरवणुकीच्या डॉल्बीत आणि लाइटमध्ये घालायचे. "देखाव्याला आता थांबतंय कोण? धा सेकंदांच्या रीलमध्ये मावंल असं काय तरी पायजे," असं एकानं लिहिलं. त्याला पटापट अंगठे आले. जुन्यांपैकी एक काका म्हणाले, "पूर्वी रात्री दोन वाजेपर्यंत रांग हलत नव्हती." त्याला एकही अंगठा नाही.

मीही दोन ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. जे सांगायचं आहे ते ग्रुपवर मावणारं नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लहानपणी राजारामपुरी आणि शाहूपुरी तांत्रिक देखाव्यांसाठी ओळखल्या जायच्या. पुतळे हलायचे, रथ चालायचे, राक्षस तोंड उघडायचा. आजूबाजूच्या गावांतून माणसं टेम्पो करून बघायला यायची. आणि हे सगळं बनवणारी माणसं दिवसभर उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर उभी असायची.

माझे वडील, अण्णा, त्यांच्यातलेच. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल एवढं त्यांचं वर्कशॉप. दिवसा ऑइल इंजिनाचे सुटे भाग, आणि गणपतीच्या आधीचा महिनाभर रात्री आठनंतर मंडळाचं काम. मी सहावीत होते त्या वर्षी कालियामर्दन करायचं ठरलं. हौदातून कालिया वर येणार, पाच फणे डोलणार, मधल्या फण्यावर कृष्ण. फणे बांबूच्या कामट्यांचे, वरून कापड आणि रंग. ते डोलवायला ट्रकच्या वायपरची मोटर, भंगारातून आणलेली. मोटरीवरून एक शाफ्ट, शाफ्टवर प्लायवूडचे पाच कॅम, म्हणजे एका बाजूला फुगीर चकत्या, फिरताना फणा वर ढकलणाऱ्या. ते कॅम पॉलिश पेपरनं घासायचं काम माझ्याकडे होतं.

पहिली जोडणी वर्कशॉपातच झाली. पाचही कॅम एकाच दिशेला बसवले होते. बटण दाबलं, फणे एकदम वर गेले, एकदम खाली आले. शाळेत पीटीच्या तासाला पोरं हात वर करतात तसे. सगळे गप्प. अण्णा स्टुलावर बसून बराच वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांनी कॅम सैल केले आणि प्रत्येक कॅम आधीच्याहून ७२ अंश पुढे फिरवून पुन्हा आवळला. पूर्ण फेऱ्याचे पाच समान भाग. पुन्हा बटण दाबलं तर पहिला फणा उतरायला लागायच्या आत दुसरा उचलत होता, त्याच्या मागून तिसरा. तीच मोटर, तेच प्लायवूड, आणि समोर साप वळवळत होता. फेज म्हणजे काय, एकाच फेऱ्यात कोण कुणाच्या किती पुढे-मागे, हे मला पुढे कॉलेजात फळ्यावर शिकवलं, पण ते मला त्या रात्री कळलं होतं.

दिव्यांचा क्रम एका लाकडी ड्रमवर होता. लाटण्याच्या तिप्पट जाड रूळ, त्यावर खिळ्यांनी ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या. रूळ हळूहळू फिरायचा, पट्टी पत्र्याच्या बोटाला टेकली की दिवा लागायचा, सुटली की विझायचा. लांब पट्टी म्हणजे दिवा जास्त वेळ, तुकडे तुकडे म्हणजे लुकलुक. आज मी कंपनीत पीएलसीचे, म्हणजे यंत्रं ठरल्या क्रमानं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, प्रोग्रॅम लिहिते. काम तेच आहे, फक्त पट्ट्या दिसत नाहीत.

एक सल तेवढा राहिला. वर्कशॉपात मी पाने द्यायला, बॅटरी धरायला चालत होते, पण रात्री नऊनंतर मंडळाच्या शेडमध्ये मुलींनी यायचं नसायचं. कॅम मी घासले आणि शाफ्ट बसताना मात्र मला बघता आला नाही. देखावा मी बाकीच्या गर्दीसारखाच बाहेर रांगेत उभं राहून पाहिला.

आता इथलं सांगते. आइंडहोव्हन हे कारखान्यांवर वाढलेलं शहर, इथल्या उद्यमनगराचं नाव फिलिप्स. १८९१ मध्ये इथे बल्बचा कारखाना निघाला आणि शहराला 'दिव्यांचं शहर' हे नाव चिकटलं ते आजतागायत. त्या नावाला जागून २००६ पासून दर नोव्हेंबरात इथे 'ग्लो' नावाचा दिव्यांचा उत्सव भरतो. थंडीत, पावसात लाखो माणसं ठरलेल्या रस्त्यानं चालत चालत प्रकाशाच्या कलाकृती बघतात. तिकीट नाही. काही कलाकृती नुसत्या बघायच्या, काही माणूस जवळ गेला की रंग बदलतात, काहींवर उडी मारली की उजळतात. आजोबा नातवाचा हात धरून उडी मारताना मी पाहिले आहेत. पहिल्या वर्षी त्या गर्दीत उभी राहिले आणि मला रडू आलं, कारण ती गर्दी ओळखीची होती. लहान पोर खांद्यावर, हातात खायला काहीतरी, मान वर. फक्त कुणी 'मोरया' म्हणत नव्हतं.

शेजारच्या न्यूनेन गावात सायकलचा एक रस्ता आहे. चित्रकार व्हॅन गॉग १८८३ ते १८८५ या गावात राहिला होता. त्या रस्त्यात हजारो बारीक खडे बसवले आहेत, ते दिवसा ऊन पितात आणि रात्री हिरवट-निळे चमकतात. व्हॅन गॉगच्या चांदण्या रात्रीच्या चित्रावरून दान रोझेगार्दे या डिझाइनरनं तो २०१४ मध्ये केला. नगरपालिकेचा साधा सायकलमार्ग, आणि तो बघायला आम्ही मुद्दाम अंधार पडायची वाट बघत थांबलो.

तिकडे स्केव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर तेओ यान्सन नावाचा माणूस १९९० पासून वाऱ्यावर चालणारे प्राणी बनवतो. ना मोटर, ना बॅटरी. वायरिंगला लागतात त्या पिवळट प्लास्टिकच्या नळ्या, त्यांचे डझनभर पाय, आणि ते सगळे एका वाकवलेल्या दांड्यावरून चालतात. मी वाळूत गुडघे टेकून त्या पायांकडे पाहत होते. एक पाय टेकायच्या आत दुसरा उचलतो, त्याच्या मागून तिसरा. मला कालिया दिसला.

फरक कुठे आहे ते मला तिथे नीट कळलं. यान्सनचा एखादा प्राणी चालायचा थांबला की तो त्याला जीवाश्म म्हणतो, जपून ठेवतो, देशोदेशी प्रदर्शनात मांडतो. आमच्याकडे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडव सोडताना देखावा मोडायचे. मोटर पुन्हा भंगारात, प्लायवूड कुणाच्या तरी पाणी तापवायच्या चुलीत. इतक्या वर्षांत, इतक्या मंडळांत, किती कॅम, किती युक्त्या. मी आमच्या भागात विचारत फिरले, एकही ड्रॉइंग कुणाकडे मिळालं नाही.

पण सगळं इथलंच चांगलं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. 'ग्लो'मधल्या मोठ्या कलाकृती बहुतेक व्यावसायिक स्टुडिओंच्या असतात. इथल्या माझ्या गल्लीतल्या माणसांनी त्यांतल्या कशाचा एक स्क्रूही पिळलेला नसतो. आठ दिवसांनी ट्रक येतो आणि सगळं घेऊन जातो. आमच्या कालियाच्या मागचं यमुनेचं चित्र भाजीवाल्या मावशींच्या मुलानं रंगवलं होतं, कापड शिंप्यानं फुकट शिवून दिलं होतं, हौदाचं प्लंबिंग एका कंडक्टरनं केलं होतं. तीस-चाळीस माणसं महिनाभर रात्री एका यंत्राभोवती जमायची आणि ते का अडकतंय यावर भांडायची. हे मला युरोपात कुठे दिसलेलं नाही. ते आपल्याकडे होतं, आणि ते सोडून आपण भाड्यानं आणलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढे उभे राहतो. मिरवणुकीतल्या लेझर लाइटनं पोरांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या मी इथे बसून वाचते तेव्हा जीव तुटतो. डॉल्बीवाला सकाळी बिल घेऊन जातो. मागे पोरांच्या हातात काय उरतं?

ग्रुपवर एकानं असंही विचारलं होतं की गावात रस्ते धड नाहीत, दर दोन वर्षांनी पूर, आणि तुम्हाला हलत्या बाहुल्या सुचतात. हा प्रश्न चुकीचा नाही. २०१९ च्या पुरात आमच्या नातेवाइकांची घरं पाण्यात गेली होती. पण पावसाळ्यात आपण सगळे कशाकडे डोळे लावून बसतो? राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशाऱ्याला आली का, ४३ च्या धोक्याला पोचली का, आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेलं की ते आपले आपण उघडतात, उतरलं की मिटतात. बटण दाबायला माणूस नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या त्या धरणावर मी दहावीच्या सुट्टीत गेले होते. दरवाजा उघडताना बघितला तेव्हा मनात आलं, हा तर देखावाच आहे, फक्त वायपरच्या मोटरीऐवजी इथे अख्खं धरण आहे. यंत्राला पाण्याशी बोलायला लावणारी बुद्धी आणि फण्याला डोलायला लावणारी बुद्धी वेगळी नसते. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. त्याच हातांनी त्यांनी याच गावात, १९१८ च्या सुमारास, सिनेमाचा कॅमेरा बनवला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ आपण रोज गाडीवरून जाता-येता बघतो.

दुसरी गोष्ट फुटबॉलची, ती पोरांसाठी. जुलै २०२४ मध्ये यंत्रमानवांच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा, रोबोकप, आइंडहोव्हनमध्ये झाली. एका गटात कमरेएवढ्या उंचीचे, चाकांवरचे पाच-पाच रोबोट नेहमीच्या आकाराच्या चेंडूनं खेळतात. रिमोट नाही. सामना सुरू झाला की बाहेरून कुणी काही करायचं नाही, ते एकमेकांना वायरलेसवरून सांगतात आणि पास देतात. एक रोबोट चुकून बाहेर गेला तर स्टँडमधली माणसं हळहळत होती. २०५० पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवायचं, असं या मंडळींनी ठरवलं आहे. इथल्या विद्यापीठाच्या संघात तेल लागलेल्या हातांच्या मुली होत्या, त्यांना कुणी नऊनंतर घरी जा म्हटलं नव्हतं. मी तिथे बसून एकच विचार करत होते. पाटाकडील आणि दिलबहार या आपल्या दोन तालमींच्या संघांची मॅच असली की अख्खं गाव शाहू स्टेडियमवर लोटतं. पायात फुटबॉल आणि हातात लेथ असलेलं गाव आणखी कुठे आहे? रोबोटचा पाटाकडील आणि रोबोटचा दिलबहार का नसावा? माझ्या भाचीचा रोबोटिक्सचा क्लास आहे, तिथे तयार खोक्यातले भाग चित्र बघून जोडतात आणि प्रमाणपत्र देतात. तो क्लास वाईट नाही, पण वायपरची मोटर कशात असते ते तिला माहीत नव्हतं.

घरांचंही हेच. दादा सध्या आमचं घर पाडून नवं बांधतोय. नकाशा आला त्यात प्रत्येक खोलीवर तिचं नाव कायमचं लिहिलेलं, आणि सगळीकडे पीओपीचं छत. युट्रेख्टला रिटव्हेल्ट नावाच्या सुताराच्या मुलानं ट्रूस श्रोडर या बाईंसाठी १९२४ मध्ये बांधलेलं घर मी दोनदा पाहून आले. वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती आहेत. दिवसा एकच मोठी मोकळी खोली, रात्री त्याच भिंती ओढून मुलांच्या वेगळ्या खोल्या. आता ते जागतिक वारसा आहे. आजीच्या घरातला सोपा आठवा: सकाळी तिथे दळण निवडायचं, दुपारी पाहुणे, रात्री आठ गाद्या. दादाला मी एवढंच सांगितलं की एक भिंत तरी सरकती ठेव आणि झोपाळ्याची कडी स्लॅबमध्ये आत्ताच टाकून घे. कडीचं त्यानं ऐकलंय.

मंडळाला माझं मागणं सरळ आहे. डॉल्बी नको म्हटलं की पोरं तुटतील, म्हणून तसं म्हणत नाही. वर्गणीतला तिसरा हिस्सा एका हलत्या देखाव्याला ठेवा. तो विकत आणू नका, शेडमध्ये बनवा. लहान चालेल, एकच फणा चालेल. त्यात बघणाऱ्या पोरानं हात पुढे केला तर काहीतरी व्हावं, सेन्सर आता वडापावच्या किमतीत मिळतो. ड्रॉइंग काढून ठेवा. शेड मुलींना रात्रीही उघडी ठेवा. माझी वर्गणी मी या हिश्शातच देणार आहे आणि गणपतीच्या आधी पंधरा दिवस रजा काढून येणार आहे.

घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावर अण्णांचा तो लाकडी ड्रम सापडला. "भंगारात देऊ का?" असं दादानं विचारलं. मी ठेव म्हटलं. चार पट्ट्या निखळल्यात, खिळे गंजलेत. परवा भाचीनं त्याच्याभोवती कागद गुंडाळला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. पट्ट्या तर उमटल्याच, निखळलेल्या चारींच्या खिळ्यांची भोकंही उमटली. कागद उलगडून तिनं मला फोटो पाठवला, खाली विचारलं होतं, "आत्या, मधली ही सगळ्यात लांब पट्टी कशाची?"

ती कालियाच्या डोळ्यांची.