वाचू द्या की पोरींना!

आज रत्नागिरी-गणपतीपुळे एसटीत माझ्या पुढच्या सीटवर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पुस्तक वाचत होती. अमेरिकन लेखिका जेनी हानची २०१४ सालची कादंबरी. लारा जीन नावाच्या मुलीने आवडलेल्या मुलांना लिहून लपवून ठेवलेली प्रेमपत्रं त्यांच्यापर्यंत जाऊन पोचतात, ती. शेजारच्या काकांनी मुखपृष्ठ निरखलं. आधी "कोणाची गो तू?", मग गाव, मग वडिलांचं नाव आणि मग, "दहावीला ना? हे असलं प्रेमबीम वाचायला वेळ बरा मिळतो?" पोरीने पुस्तक दप्तरात कोंबलं आणि आरे-वारेपर्यंत मान वर केली नाही.

मी म्हटलं, "काका, वाचू द्या तिला." ते नुसते हसले. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

असलं म्हणजे कसलं हो? २००४ साली मिलिंद बोकिलांची 'शाळा' आली. नववीतल्या जोशीबरोबर आपण सगळेच शिरोडकरसाठी झुरलो आणि त्याला उत्तम साहित्य म्हणालो. आहेच ते. मग तेच झुरणं मुलीच्या तोंडून आलं की 'असलं' कसं होतं?

नववीत मी खाडीपलीकडच्या शाळेत जायचे. शेवटचा तास लांबला की संध्याकाळची होडी चुकायची भीती. आमच्याच बाजूचा दहावीतला एक मुलगा होडी सुटताना नेमका खाली उतरायचा. चप्पल राहिली, सुटे पैसे पडले, काहीतरी. तांडेल शिव्या घालायचा. मी धापा टाकत चढले की याची चप्पल सापडायची! आम्ही एक शब्द बोललो नाही कधी. बोलणार कुठे? वाडीत दोघं उभे दिसले तर दिवेलागणीच्या आत आईच्या कानावर.

पुढे लारा जीनसारख्या मुलींची ही अमेरिकन पुस्तकं हाती लागली. तिकडचं हायस्कूल बारावीपर्यंत, तिथे लॉकर, प्रॉम म्हणजे शाळेतली नाचाची पार्टी. मी यातलं काही पाहिलेलं नव्हतं, तरी काही अडलं नाही. कारण बहुतेक वेळा पुस्तकातली मुलगी स्वतःच सांगत असते, जे होतंय ते आत्ता होतंय. 'वयच आहे तसं, जाईल निघून' म्हणणारं मोठं माणूस मध्ये येत नाही. तो आज बघेल का, एवढाच प्रश्न, आणि तो अख्ख्या जगाएवढा. धक्क्याकडे धावताना माझाही तेवढाच होता: चप्पल शोधतोय ना तो?

हो, 'ट्वायलाइट' या अशाच प्रेमकादंबरीतला व्हॅम्पायर एडवर्ड रात्री खोलीत शिरून झोपलेल्या बेलाला बघत बसतो. ते मलाही खटकतं, मुलींशी त्यावर बोलायलाच हवं. पण बोलायचं तर आधी वाचू द्यायला हवं ना?

काकांचाही राग आता ओसरलाय थोडा. घरात मुलगी असेल, काळजी वाटत असेल. आमच्या आयांनाही वाटायची. पण गावात पावलोपावली ओळख द्यावी लागते पोरीला. पुस्तकातच काय ती 'कोणाची गो तू' विचारणारं कुणी नसतं.

तो होडीतला मुलगा दहावी करून मुंबईला गेला, आमच्याकडची मुलं जायची तसाच. 'घडलंच काय त्यात?' असं कुणी विचारलं तर मला समजावून सांगता यायचं नाही. एसटीतल्या त्या पोरीला मात्र सांगावं लागलं नसतं, याची खात्री आहे मला.

माझ्याकडे अशी बरीच पुस्तकं आहेत. रत्नागिरीच्या आसपास कुणाच्या मुलीला, भाचीला, पुतणीला हवी असतील तर इनबॉक्समध्ये सांगा. परत करायची घाई नाही.