जुनी हायब्रिड सायकल म्हणजे पैसे पाण्यात? त्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

गेल्या काही दिवसांपासून एक मेसेज कॉलनीच्या, ऑफिसच्या, मॉर्निंग वॉकच्या सगळ्याच ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असं लिहिलंय त्यात: सेकंड हँड हायब्रिड सायकल (रोडबाइक आणि डोंगरी एमटीबी यांच्या मधली) घेऊच नका, स्टिकर निघालेलं किंवा रंग मारलेला असेल तर ती चोरीची नाहीतर बोगस, ॲल्युमिनियमची फ्रेम पाच वर्षांत संपते, गिअर उडत असतील तर पूर्ण सेट बदलावा लागतो आणि पार्ट तर मिळतच नाहीत, नागपूरच्या उन्हात हायब्रिडचे पातळ टायर फुटतात, डिस्क ब्रेक नसेल तर हातही लावू नका, त्यापेक्षा सरळ नवी गिअरवाली घ्या.

हे वाचून लोक खरंच थांबतात हो, म्हणून लिहायला बसलो. हॉस्टेलची पोरं आहेत, हिंगणा एमआयडीसीत जाणारे आहेत, ज्यांना पेट्रोल परवडत नाही आणि नवी चांगली सायकलही परवडत नाही, आणि दुसरीकडे याच शहरात अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये चांगल्या चांगल्या सायकली धूळ खात उभ्या आहेत. एक सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर आपलं गाव जवळपास सपाट आहे, हायब्रिडसाठी यापेक्षा बरं शहर कुठलं पाहिजे बाप्पा.

आता स्टिकरचं बोलू. स्टिकर नाही म्हणजे ओळख नाही हे साफ चुकीचं आहे कारण सायकलची ओळख स्टिकरवर नसतेच. मध्यंतरी त्रिमूर्तीनगरात एका पार्किंगमध्ये एक काळी सायकल बघितली, कुणीतरी घरीच स्प्रे मारलेला, केबलवरही काळे शिंतोडे. ओल्या फडक्याने टायरची कड पुसली तर 700x38C आणि त्याच्या शेजारी 40-622 असं उठून आलं. हा 622 आकडा महत्त्वाचा, रिमवर टायर जिथे बसतो तिथला तो व्यास आहे मिलिमीटरमध्ये, हायब्रिडचा सहसा 622 असतो, 26 इंची एमटीबीचा 559 आणि 27.5 वाल्याचा 584, म्हणजे विकणारा काहीही म्हणो, टायर खरं सांगतो. (29 इंची एमटीबीचा पण 622 च असतो, पण तिचे टायर दोन इंचाच्या वर जाड असतात, लगेच कळतं.) मग सायकल उलटी केली, पेडलच्या मधल्या नळीखाली, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या पोटाला, चिखलाचा थर होता, तो खरवडला की आत ठोकलेला सिरीयल नंबर दिसला. स्प्रेच्या खाली जुन्या स्टिकरची कड बोटाला लागत होती, अक्षरं जवळजवळ वाचता येत होती. मागच्या डिरेलरच्या (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आतल्या बाजूला मॉडेल नंबर होता, आरडी-एम360, म्हणजे गिअरचे पार्ट बनवणाऱ्या शिमानोचा एसेरा. टुर्नी सगळ्यात खाली, मग अल्टस, मग एसेरा, अलिव्हिओ, डिओर अशी ती चढती रांग आहे, त्यावरून ही सायकल नवी असताना कुठल्या दर्जाची होती याचा अंदाज येतो. पार्ट बदललेले असू शकतात म्हणून एकाच पार्टवर विश्वास ठेवायचा नाही, डिरेलर, शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), क्रँक (पेडलचा दांडा) आणि हब (चाकाचा मधला भाग) एका दर्जाचे निघाले तर समजायचं की सायकल बहुतेक जशी आली तशीच आहे. नंतर फ्रेमचा आकार, केबल कुठून जाते, मागच्या ड्रॉपआऊटचा, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचेचा कट, हे त्या त्या कंपनीच्या जुन्या कॅटलॉगच्या फोटोशी ताडून बघा.

चोरीची भीती मात्र खरी आहे, त्या बाबतीत मेसेज लिहिणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण त्याची खूण रंग नाही, नंबर आहे. नंबर घासून काढलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या आणि घरी जा. चोरीची आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली घेणाराही अडकतो. बिल मागा, बिल नसेल तर सायकलचा जुना फोटो मागा, आणि सिरीयल नंबर टाकून विकणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची झेरॉक्स घ्या. ज्याची स्वतःची आहे तो हे सगळं आरामात देतो.

फ्रेम पाच वर्षांत संपते, हा दुसरा मुद्दा. यात खऱ्याचा एक कण आहे, तो असा की स्टीलला एका मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा दिला तरी ते थकत नाही आणि ॲल्युमिनियमला अशी पक्की मर्यादा नाही. पण थकवा येतो तो किती वेळा आणि किती जोरात ताण बसला त्याने, कॅलेंडरने नाही. तीन वर्षं पार्किंगमध्ये उभी असलेली फ्रेम त्या तीन वर्षांत थकत नाही. ट्रेकसारखी कंपनी ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर पहिल्या मालकाला लाइफटाइम वॉरंटी देते, पाच वर्षांत संपणाऱ्या वस्तूवर कोण देईल? (दुसऱ्या मालकाला ती लागू होत नाही हेही लक्षात असू द्या, विकणारा वॉरंटी आहे म्हणून भाव वाढवत असेल तर ऐकू नका.)

तेव्हा वय विचारण्यापेक्षा टॉर्च घेऊन जा. हँडलच्या खालची जी छोटी उभी नळी असते तिला येऊन मिळणाऱ्या खालच्या नळीवर बोट फिरवा, तिथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून ठोकलेली आहे, नको. वेल्डिंगच्या कडेने केसासारखी रेघ दिसली तर पुसून परत बघा, ओरखडा रंगाच्या वर असतो, क्रॅकमध्ये नख अडकतं आणि कितीही पुसलं तरी मळाची काळी रेघ तिथेच राहते. ड्रॉपआऊट, सीटखालचा जोड, बॉटम ब्रॅकेटच्या आजूबाजूला, एवढं बघितलं की झालं. आणि एक गोष्ट जी त्या मेसेजमध्ये नाहीच आहे आणि जिच्यामुळे खरंच पैसे पाण्यात जातात: सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, जाम झालेला असणं. वर्षानुवर्षं न हलवलेला पोस्ट फ्रेममध्ये गंजून चिकटतो, ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना लागून असतील आणि पावसाचं पाणी गेलं असेल तर जास्तच, मग तो काढताना फ्रेमच फाटायची वेळ येते. म्हणून विकणाऱ्याला तुमच्यासमोर सीट वर-खाली करायला लावा, हलली तरच पुढचं बोलणं.

गिअरचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, आणि चांगल्या सायकलीही इथेच भंगारात जातात. गिअर उडतो, बसत नाही, शिफ्टरचा खटका नुसता फिरतो, म्हणजे सेट गेला असं नाही. महिनोन्महिने बाल्कनीत तापलेल्या सायकलच्या शिफ्टरमधलं ग्रीस सुकून डिंकासारखं होतं, आतला खटका त्यात अडकतो, शिफ्टर मेला असं वाटतं. केबल काढून आत डब्ल्यूडी-40 सारखा स्प्रे मारा, खटका पन्नास-साठ वेळा हलवा, काळं पाणी गळू द्या, परत मारा, मोकळा झाला की हलकं तेल सोडा. बऱ्याचदा एवढ्यानेच जीव येतो. मग केबल आणि तिचं बाहेरचं आवरण नवं टाका, हे दोन्ही स्वस्त. मग मागे उभं राहून बघा की डिरेलर चाकाला समांतर आहे का, ज्या छोट्या पट्टीवर तो लटकतो ती हँगर सायकल उजव्या बाजूला पडली की वाकते, ती सीधी होते किंवा बदलता येते.

आणि चेन. दुकानात जायची पण गरज नाही, शाळेची एक फूटपट्टी पुरे. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतं, म्हणजे 24 पिना पुढे बरोबर 12 इंच यायला पाहिजे. एक सोळांश इंच जास्त भरलं तर फक्त चेन बदला. एक अष्टमांश जास्त भरलं तर चेनसोबत मागचे दातेही घासलेले असणार, चेन आणि फ्रीव्हील (मागच्या दात्यांचा गठ्ठा) दोन्ही धरा. तरी पुढचा क्रँक, शिफ्टर, डिरेलर तसेच राहतात. डिरेलर खरंच गेला असेल तर टुर्नी हजार रुपयांच्या आसपास मिळतो, कुठला आलाय पूर्ण सेट!

पार्ट मिळत नाहीत म्हणणाऱ्यांना एवढंच की फ्रेमवर ज्या कंपनीचं नाव असतं ती बहुतेक पार्ट स्वतः बनवतच नाही. फायरफॉक्स ही सायकल कंपनी 2015 मध्ये हिरो सायकल्सने घेतली, मालक बदलला म्हणून आधीच्या सायकलींना बसणारे बेअरिंग काही बंद झाले नाहीत. बॉटम ब्रॅकेटची नळी बहुतेक 68 किंवा 73 मिमीची, मागच्या हबची जागा डिस्क नसो की साधी क्विक रिलीजवाली (खटका उघडून चाक निघणारी) डिस्क असो 135 मिमी, सीटपोस्ट बऱ्याचदा 27.2 मिमी, मोजून न्या आणि सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत विचारा नाहीतर ऑनलाइन मागवा. मिस्त्रीकडे देताना एक लक्षात ठेवा, बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या बाजूचा आटा उलटा असतो आणि डाव्या पेडलचाही उलटा, घाईत हात चुकीकडे जोर लावतो आणि फ्रेमचा आटा खाऊन टाकतो. तेव्हा शेजारी उभं राहा, सांगायला लाजू नका.

काही जण या मेसेजखाली 21 गिअर असेल तरच घ्या असंही लिहितात. नागपुरात? पुढे 48 दात आणि मागे 14, पेडल मिनिटाला 80 वेळा फिरवलं तर 35 किलोमीटरच्या वर वेग जातो, आणि 38 ला 18 लावलं तर 22 च्या आसपास, वर्धा रोडवर रोजच्या येण्याजाण्याला हाच लागतो. सात-आठ गिअर नीट बसत असतील तर भरपूर झाले भौ.

उन्हात टायर फुटतात हे ऐकायला खरं वाटतं कारण मे महिन्यात आपण 45 अंश बघतो. तर हिशोबच करू. सकाळी 25 अंशांत 60 पीएसआय भरली, दुपारी सायकल उन्हात उभी राहिली आणि आतली हवा अगदी 65 अंशांपर्यंत तापली असं धरलं तरी दाब 70 पर्यंत जातो, दहाने वाढला फक्त. टायरच्या कडेला कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या पंधरा खाली भरा, विषय संपला. फुटतात ते टायर ज्यांच्या कडेला भेगा पडल्यात, जे हवा नसताना वर्षभर उन्हात चेपून उभे होते, किंवा ज्यांच्या आत रिमची पट्टी सरकलीय. असे टायर जुन्या सायकलवर असणारच, ते टाकून नवे घ्यायचे पैसे धरा. पण पातळ? 38 मिमी पातळ नाही, 25 ची रोडबाइक पातळ. उलट आपल्याकडे सिमेंट रोड आणि गट्टूच्या (पेव्हर ब्लॉक) मधे जी लांब उभी फट असते तिच्यात 25 चा टायर जाऊन बसतो, 38 चा सहसा वरून निघून जातो. फ्रेम आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणारा चिमटा) दोन्ही बाजूंना पाच-सहा मिमी जागा उरत असेल तर 40 चाही टाकता येतो.

डिस्क ब्रेकबद्दल फार लिहीत नाही. चांगले व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून दाबणारे) आपल्या सपाट रस्त्यांना पुरतात, फक्त जुने शू कडक दगड झालेले असतात ते बदला. रिमच्या ब्रेक लागणाऱ्या बाजूवर बोट फिरवा, आत खोलगट लागली तर रिम बदलायची आहे, भाव तेवढा कमी करा. आणि ज्या फ्रेमला डिस्कची बैठकच नाही तिला वेल्डिंग करून डिस्क लावून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, ॲल्युमिनियमची फ्रेम अशी जाळून घ्यायची नसते.

राहिला शेवटचा सल्ला, सरळ नवी गिअरवाली घ्या. त्याच पैशात जी नवी मिळते ती बहुतेक स्टीलची, दोन्हीकडे सस्पेंशन लावलेली, सतरा-अठरा किलोची. ते सस्पेंशन पेडलचा जोर खातं आणि दुरुस्त होत नाही. साधी हायब्रिड बारा-चौदा किलोत बसते. नव्यातही महिन्याभरात केबल ढिली होते, स्पोक ताणावे लागतात, तिला पण मिस्त्री लागतोच. म्हणून जुनी बघायला जाताना कागदावर मांडा: टायर-ट्यूब, ब्रेक शू, केबल, चेन, दोन्ही हब आणि हँडलच्या बेअरिंगला नवं ग्रीस, गरज असेल तर फ्रीव्हील. ही बेरीज विकणाऱ्यासमोर करा आणि तशाच फ्रेमच्या चांगल्या चालू सायकलला जो भाव मिळतो त्यातून वजा करा. उरलेल्या आकड्याच्या वर एक रुपया देऊ नका, आणि त्यात मिळत असेल तर तिथल्या तिथे उचला.